साताऱ्यातून निवृत्ती व्हिसा: कोणता कागद आधी, कोणता शेवटी

"पोलिसांचा दाखला आधी काढून ठेवा, सगळ्यात अवघड तोच," असं मला तिघांनी सांगितलं आणि मी ऐकलं. जूनमध्ये दाखला हातात आला. बाकीचे कागद जमेपर्यंत दिवाळी आली. थायलंडच्या निवृत्ती व्हिसाला तो दाखला तीन महिन्यांच्या आतला लागतो, हे तेव्हा कळलं. मग पुन्हा अर्ज, पुन्हा ५०० रुपये, पुन्हा चौकशी. दुसऱ्यांदा हवालदार दारात उभे राहिले तेव्हा समोरच्या काकूंनी हिला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "वहिनी, काही झालंय का हो?"

म्हणून हा लेख कागदांच्या क्रमाने लिहितोय. ज्या कागदाला मुदत नाही तो आधी, ज्याची मुदत सगळ्यात कमी तो सगळ्यात शेवटी. हे उलटं झालं की एकेका दाखल्यासाठी दोनदा रांगेत उभं राहावं लागतं.

मी बँकेतून निवृत्त झालो. मुलगी बँकॉकला नोकरी करते. तिच्या व्हिसावर आईवडिलांना ठेवून घेण्याची सोय सरळ नाही, त्यामुळे आमचा मार्ग निवृत्ती व्हिसाचा. सविस्तर सांगणार आहे ते थायलंडबद्दल, कारण ते मी स्वतः केलंय. पण साताऱ्यात किंवा सांगलीत बसून करायची निम्मी तयारी कुठल्याही देशासाठी तीच आहे.

आधी देश, आणि एक गैरसमज

आपल्याकडे निम्म्या लोकांची मुलं अमेरिकेत, कॅनडात किंवा इंग्लंडात. त्यामुळे मला पहिला प्रश्न येतो तो "अमेरिकेचा निवृत्ती व्हिसा कसा काढायचा?" तसा व्हिसा नाही. अमेरिकेत, कॅनडात नाही. ब्रिटनने २००८ मध्ये बंद केला, ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये. तिथे जायचं तर मुलांच्या नात्याने. अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी नागरिक असावी लागते आणि वय २१ पूर्ण असावं लागतं. नुसतं ग्रीन कार्ड असून आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. कॅनडाचा सुपर व्हिसा एका खेपेला पाच वर्षं राहू देतो, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा मागतो. हे रस्ते वेगळे, त्यांचा विषय इथेच सोडतो.

खरा निवृत्ती व्हिसा म्हणजे "माझ्याकडे पैसे आहेत, मी इथे नोकरी करणार नाही, मला राहू द्या" असा करार. पोर्तुगालचा डी-७ व्हिसा तिथल्या किमान वेतनाइतकं नियमित उत्पन्न मागतो, २०२५ साली महिना ८७० युरो, जोडीदारासाठी आणखी निम्मे. स्पेन त्याहून कडक, महिना २,४०० युरो. दुबईत वय ५५ आणि दहा लाख दिरहमचं घर किंवा तेवढी शिल्लक, नाहीतर ठरावीक मासिक उत्पन्न. व्हिसा पाच वर्षांचा. मलेशियाने २०२४ पासून पायऱ्या केल्या, त्यातल्या मुख्य तीन पायऱ्यांपैकी खालच्या पायरीला दीड लाख अमेरिकन डॉलरची ठेव आणि वर घर घेण्याची अट.

थायलंडला वय ५० पूर्ण आणि तिथल्या बँकेत किंवा, पहिल्या व्हिसापुरतं, आपल्या बँकेत ८,००,००० बाट. किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न. किंवा दोन्ही मिळून वर्षाला आठ लाखांची बेरीज. बाटचा भाव पावणेतीन रुपये धरला तर ठेव २२ लाख रुपये आणि मासिक उत्पन्न पावणेदोन लाखांच्या पुढे. साताऱ्यातला निवृत्त हेडमास्तर असो की सांगलीतला पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर, पेन्शनच्या रस्त्याने हे गणित सहसा बसत नाही. ठेवीच्या रस्त्याने मात्र बऱ्याच जणांचं बसतं. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे आलेले असतात, फक्त ते विखुरलेले असतात.

ठरवण्याआधी एकदा पर्यटक म्हणून महिनाभर राहून या. आणि जानेवारीत नको. जानेवारीत सगळीकडे छानच वाटतं. चियांग माईचा विचार असेल तर मार्चमध्ये जा; तेव्हा उत्तर थायलंडात शेतं आणि रानं पेटवल्याचा धूर इतका असतो की दमेकरी माणूस चार दिवसांत परतीचं तिकीट शोधतो.

नाव जुळवणं: इथेच सर्वांत जास्त वेळ जातो

पासपोर्ट, आधार, पॅन, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बँकेचं पासबुक आणि लग्नाचा दाखला, हे सहा कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. चष्मा लावा आणि प्रत्येकावरचं इंग्रजी नाव एका कोऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून काढा. आमच्या सहा कागदांवर माझं नाव चार तऱ्हांनी होतं. वडिलांचं नाव दत्तात्रय असलेल्या माणसाचं तर विचारू नका, एकट्या त्या नावाची इंग्रजीत तीन स्पेलिंगं सर्रास चालतात. बँकेत आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. एका जागी 'राव' लागलेलं, दुसरीकडे गळलेलं.

बायकांच्या बाबतीत अजून गुंता. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, लग्नात बदललेलं नाव रेशनकार्डावर, आणि दोन्हींना जोडणारा कागद कुठेच नाही. हिचं तसंच होतं. तिथे दोन उपाय आहेत: विवाह नोंदणीचा दाखला आणि गरज पडल्यास राज्य शासनाच्या राजपत्रात नावबदल. किरकोळ स्पेलिंगच्या फरकाला मुंबईच्या वकिलातीत शपथपत्र चालून जातं असं लोक सांगतात. माझा सल्ला, शपथपत्रावर विसंबू नका. पासपोर्ट प्रमाण माना आणि बाकीचे कागद त्याच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आधार आणि पॅन सोपे, बँक मध्यम, पीपीओ सगळ्यात वेळखाऊ. राज्य सरकारी पेन्शनर असाल तर कोषागाराच्या फेऱ्या धरून तीन-चार महिने राखून ठेवा.

जन्मतारीखही बघून घ्या. आपल्या पिढीत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला. गुरुजींनी शाळेत घालताना लिहून टाकलेला. त्यात काही चूक नाही, सगळीकडे तोच १ जून असला म्हणजे झालं. एका कागदावर खरी तारीख आणि दुसऱ्यावर शाळेची, असं असेल तर आत्ताच निस्तरा.

लग्न १९८०-९० च्या सुमारास गावाकडे झालेलं, नोंदणीचा पत्ताच नाही, हे तर घरोघरी. नोंदणी आजही होते. गावात असाल तर ग्रामपंचायत कार्यालयात, शहरात असाल तर नगरपालिका किंवा महापालिकेत. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, साक्षीदार आणि भटजींचा तपशील मागतात. आमची पत्रिका हिच्या ट्रंकेत पैठणीच्या घडीत सापडली, नाहीतर भटजीच आता हयात नाहीत. दाखला इंग्रजी मजकुरासह घ्या. परदेशात वापरायचा असेल तर त्याच्यावर आधी मंत्रालयातलं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. पोर्तुगाल-स्पेनसारख्या देशांना अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराने मान्य झालेला शिक्का, पुरतो. भारत २००५ पासून त्या करारात आहे. दुबईसाठी पुढे त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो.

या सगळ्या कागदांना मुदत नसते. म्हणून हे आधी. निघायच्या वर्षभर आधी सुरू केलंत तरी लवकर होणार नाही.

पासपोर्टचं म्हणाल तर अर्जाच्या दिवशी किमान दीड वर्ष बाकी असू द्या. साताऱ्यात आणि सांगलीत टपाल खात्याच्या जागेत पासपोर्ट सेवा केंद्र आहे, दोन्ही पुणे कार्यालयाखाली येतात. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल, कऱ्हाडचा फ्लॅट विकून साताऱ्याला आला असाल, तर नूतनीकरण करतानाच पत्ता बदला. पुढे पोलिसांच्या दाखल्याला त्याचा उपयोग होतो.

पैसा: आहे, पण दिसत नाही

मी बँकेत अडतीस वर्षं काढली, तरी माझेच पैसे दाखवण्यायोग्य नव्हते, हे कबूल करतो. काही सहकारी बँकेत, काही पतसंस्थेत, काही पोस्टात, थोडं सोनं, आणि गावाकडे दीड एकर ऊस. वकिलातीच्या दृष्टीने यातलं बरंचसं शून्य. सातबारा दाखवून व्हिसा मिळत नाही. त्यांना हवं एका व्यक्तीच्या नावावरचं, एका खात्यातलं, इंग्रजी स्टेटमेंटवर दिसणारं, बँकेच्या पत्राने दुजोरा दिलेलं रोख.

सहकारी बँकेच्या मॅनेजरनी मला मोठ्या आपुलकीने पत्र दिलं. "दाखला देण्यात येतो की, सदर खातेदार हे आमच्या बँकेचे जुने व प्रतिष्ठित ग्राहक असून..." खाली गोल शिक्का. प्रतिष्ठा होती, शिल्लक किती ते नव्हतं. शिवाय परकीय चलनाचे व्यवहार करण्याची परवानगी सगळ्या नागरी बँकांना नसते, त्यामुळे पुढे पैसे पाठवायचे झाले तरी दुसऱ्या बँकेत यावंच लागतं.

म्हणून सहा-आठ महिने आधी एक मोठी राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँक निवडा, जिच्या शाखेत परकीय चलनाचं काम रोज होतं. पतसंस्थेच्या ठेवी मुदतीआधी मोडल्या तर व्याज जातं, तेव्हा पावत्यांच्या तारखा मांडून बघा आणि पिकतील तशा या खात्यात आणा. (पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, तेव्हा तसंही परदेशी जाताना तिथे मोठी रक्कम ठेवून जाऊ नये असं माझं मत.) आदल्या आठवड्यात एकदम वीस लाख जमा झालेलं स्टेटमेंट बघून कोणाच्याही मनात शंका येते. हळूहळू वाढत गेलेली शिल्लक बोलते.

खातं एकट्या अर्जदाराच्या नावावर. आपल्याकडे नवरा-बायकोचं जोडखातं हा शहाणपणा समजला जातो आणि तो आहेच, पण इथे तो अडचण करतो. जोडखात्यातली रक्कम अर्धी-अर्धी धरली जाऊ शकते. मी जुनं जोडखातं तसंच ठेवलं आणि या कामापुरतं वेगळं उघडलं.

बँकेच्या पत्रात खातेदाराचं पासपोर्टप्रमाणे नाव, खाते क्रमांक, अमुक तारखेची शिल्लक रुपयांत आणि त्याची बाटमधली किंमत, अधिकाऱ्याचं नाव, सही, शिक्का. मसुदा आपणच टाइप करून न्या. शाखेतल्या मुलीला दोष नाही, तिने असं पत्र आयुष्यात दिलेलं नसतं.

थायलंडचे दोन रस्ते

पहिला ओ-ए नावाचा व्हिसा. हा आपल्या देशातून काढायचा, वर्षभराचा. पैसे आपल्याच बँकेत ठेवून दाखवता येतात. पोलिसांचा दाखला, वैद्यकीय दाखला आणि आरोग्य विमा लागतो. विमा किमान ३० लाख बाटचा. दुसरा साधा ओ. याने आधी ९० दिवस मिळतात, मग तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात वर्षाची मुदतवाढ मागायची. त्यासाठी आठ लाख बाट थाई बँकेत असावे लागतात, पण विम्याची सक्ती नाही.

निवड कशी करायची? साठीच्या आतबाहेर असाल, तब्येत ठीक असेल, तर ओ-ए. पैसे वर्षभर घरच्याच बँकेत राहतात, तिथे मन रमलं नाही तर गाशा गुंडाळायला सोपं. सत्तरी ओलांडली असेल, बायपास झाली असेल, तर विमा कंपन्या एकतर नाही म्हणतात नाहीतर असा हप्ता सांगतात की त्यात साताऱ्यात वर्षभर घर चालेल. अशांनी ओ बघावा. पण विमा सक्तीचा नाही म्हणून घेऊच नये असं नाही. आपला इथला मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही, आणि सत्तरीवरच्यांना मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड तर देशाबाहेर निरुपयोगी. विमा नसेल तर दवाखान्यासाठी वेगळी गंगाजळी लागेल.

जोडीदाराचं वय पन्नाशीच्या आत असेल किंवा त्याच्या नावावर वेगळी ठेव नसेल, तर त्याला अवलंबित म्हणून ओ मिळतो. लग्नाचा दाखला लागतो तो इथे.

मुदतीचे कागद: शेवटच्या दोन महिन्यांत

आता पोलिसांचा दाखला. अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून, पीसीसी या नावाने, शुल्क ५०० रुपये. २०२२ च्या सप्टेंबरअखेरीपासून टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रांतही याची वेळ मिळते, त्यामुळे पुण्याला जायची गरज नाही. पासपोर्टचा पत्ता आणि राहता पत्ता एकच असेल तर काम लवकर उरकतं. वेगळा असेल तर पोलीस ठाण्याची चौकशी. घरी असा, दोन शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

वैद्यकीय दाखला दिसायला क्षुल्लक, पण आमचा एक फेरा यानेच वाया घालवला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि लेटरहेडवर "प्रकृती उत्तम" लिहून दिलं. थायलंडला तसं नको. त्यांना पाच गोष्टी नसल्याचं नावानिशी हवं: कुष्ठरोग, क्षयरोग, हत्तीरोग, अमली पदार्थांचं व्यसन आणि उपदंशाची तिसरी अवस्था. हा मजकूर इंग्रजीत टाइप करून डॉक्टरांपुढे ठेवा. यादी वाचून आमचे डॉक्टर मला म्हणाले, "काका, एवढं सगळं तुम्हाला व्हायला वेळ कुठे होता?" आणि छातीचा फोटो, रक्ततपासणी करून सही केली. नोंदणी क्रमांकासह शिक्का बघून घ्या. हाही तीन महिन्यांच्या आतला.

मग विम्याचं प्रमाणपत्र. विम्याची तारीख प्रवासाच्या तारखेशी जुळवून घ्या, आधी सुरू केलात तर तेवढे दिवस फुकट. आणि सगळ्यात शेवटी बँकेचं पत्र व स्टेटमेंट, अर्जाच्या आठवड्यात.

अर्ज आता कागदावर होत नाही. १ जानेवारी २०२५ पासून थायलंडने सगळीकडे ई-व्हिसा केला. अधिकृत संकेतस्थळ एकच. आपला अर्ज मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासाकडे जातो. कागद स्कॅन करून चढवायचे. मोबाईलवर टेबलाचा कोपरा आणि चहाचा कप आलेले फोटो चढवू नका, साताऱ्यात पोवई नाक्यावर कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे सपाट स्कॅन करून मिळतं. पत्ता मागतात तिथे भाड्याचा करार किंवा मुलांच्या घरचा पत्ता. मूळ कागद फाइलमध्ये ठेवा, मुंबईहून मागणी आली तर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस आहेच.

एजंटबद्दल एवढंच. फॉर्म भरून देण्याचे पैसे घेणारा माणूस ठीक. पण "ठेवीची काळजी करू नका, तेवढे दिवस आम्ही तुमच्या खात्यात दाखवतो" असं म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. ती फसवणूक ठरते, आणि पकडली गेली तर नाव तुमचं काळ्या यादीत जातं, एजंटचं नाही.

पैसे पाठवणं, टीसीएस आणि मार्च-एप्रिलचा उपयोग

ओ-एवाल्यांना हे काम दुसऱ्या वर्षाच्या मुदतवाढीला येतं, ओवाल्यांना लगेच. मुदतवाढीचा नियम नीट लक्षात घ्या: अर्जाच्या दोन महिने आधीपासून आठ लाख बाट तुमच्या नावाच्या थाई खात्यात असायला हवेत, मंजुरीनंतर तीन महिने त्याला हात लावायचा नाही, आणि उरलेल्या वर्षात शिल्लक चार लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे ही रक्कम खर्चाची नाही. खर्चाचे पैसे वेगळे.

आपल्या बाजूने रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना भारतात निवासी असलेल्या एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलर पाठवू देते. तिथे आपण अडत नाही. खिशाला चटका बसतो तो टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत काही नाही, त्याच्या वर अशा कारणासाठी २० टक्के. २२ लाख एकदम पाठवलेत तर वरच्या १२ लाखांवर २ लाख ४० हजार रुपये बँक आधी कापणार. बुडत नाहीत, रिटर्न भरल्यावर हिशेबात धरले जातात, पण तोवर अडकतात. दहा लाख मार्चमध्ये आणि बाकी १२ लाख एप्रिलमध्ये पाठवले, तर टीसीएस फक्त वरच्या दोन लाखांवर, ४० हजार. मी असंच केलं. वेगवेगळ्या बँकांतून पाठवून दहा लाखांची मर्यादा दोनदा वापरता येत नाही, पॅनवर सगळं एकत्र दिसतं.

थाई खातं उघडणं शाखेतल्या माणसावर अवलंबून. एका शाखेत नाही म्हटलं तर दुसऱ्या शाखेत जा. पैसे परदेशातून आल्याची नोंद राहील असेच पाठवा आणि ती पावती जपा.

तिथे पोचल्यावर

प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं, २०२५ च्या मेपासून ते सक्तीचं आहे आणि पूर्णपणे फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलं असेल तर बंद करा.

घरमालकाने चोवीस तासांत तुमची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते, तिला टी.एम. ३० म्हणतात. मालक टाळाटाळ करतात. आम्ही घरमालकीणबाईंना पहिल्या दिवशी साताऱ्याचे कंदी पेढे दिले, तिने एक तोंडात टाकला, डोळे मोठे केले आणि फोनवरच नोंद करून टाकली.

नंतर दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. तारखेच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत खिडकी उघडी असते. विसरलात तर २,००० बाट दंड. कालनिर्णयवर लाल पेनने खूण करा, मी तेच करतो, कालनिर्णय इथूनच घेऊन गेलोय. मुदतवाढीचं शुल्क १,९०० बाट.

आणि हे महत्त्वाचं. मुदतवाढीवर राहत असाल आणि गणपतीला गावी यायचं असेल, तर निघण्याआधी पुनःप्रवेश परवाना घ्या. एका खेपेचा १,००० बाट, अनेक खेपांचा ३,८००. तो न घेता विमानात बसलात की सगळी मुदतवाढ तिथेच संपते, परत जाताना पहिल्यापासून सुरुवात. आरती करून परतल्यावर हे कळणं फार वाईट.

काम करायचं नाही, पगार घेऊन तर नाहीच, फुकटही नाही. निवृत्त शिक्षकांना राहवत नाही, शेजारच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जातात. तिथे तेही परवान्याशिवाय काम धरलं जातं.

इथलं मागे काय ठेवायचं

परदेशी स्थायिक होण्यासाठी निघालात की परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी होता, आणि साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करावं लागतं. पेन्शन त्यात जमा होऊ शकते. आयकराचं निवासीपण वेगळं, ते दिवसांवर ठरतं. अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातल्या व्याजावर ३० टक्के दराने कर आधीच कापला जातो, आणि कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी करसवलत मिळत नाही. थायलंडात वर्षात १८० दिवस राहिलात तर तिथलेही करनिवासी होता, आणि २०२४ पासून बाहेरचं उत्पन्न तिथे आणलं तर त्यावर कर लागू शकतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. हे गणित ज्याच्या त्याच्या उत्पन्नाप्रमाणे बदलतं, तेव्हा निघायच्या आधी सीएकडे एक तास बसा.

पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू राहतो, पुढे वाढवता येत नाही. शेतजमीन विकायची गरज नाही. निवासी असताना आपली असलेली जमीन अनिवासी झाल्यावरही ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. ई-पीक पाहणीला (मोबाईलवरून पिकाची सरकारी नोंद) मात्र बांधावर उभा राहणारा माणूस लागतो. माझा पुतण्या करतो, त्याला कुलमुखत्यारपत्र दिलंय. ते निघण्याआधीच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून टाका. परदेशात गेल्यावर करायचं झालं तर भारतीय वकिलातीत जा, मग कागद इकडे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक भरा, असा द्राविडी प्राणायाम होतो.

हयातीचा दाखला नोव्हेंबरात. जीवन प्रमाण आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतं, परदेशातूनही. पहिल्या वर्षी साताऱ्यात असतानाच एकदा करून बघा, म्हणजे आधारवरचा जुना फोटो आणि आत्ताचं टक्कल जुळतं की नाही ते कळेल. माझं चौथ्या प्रयत्नात जुळलं, खिडकीकडे तोंड करून बसल्यावर.

शेवटी सिमकार्ड. बँक, आयकर, पेन्शन, सगळ्यांचा ओटीपी त्या एका नंबरावर येतो. नंबर रोमिंगवर चालू ठेवा, रिचार्जची तारीख पुतण्याला लिहून द्या. आमच्या ओळखीच्या एकांनी परदेशी गेल्यावर रिचार्ज केला नाही, काही महिन्यांनी तो नंबर कंपनीने दुसऱ्या कुणाला दिला. आता त्यांचे ओटीपी त्या अनोळखी माणसाला जातात आणि हे बँकेत स्वतः जाऊन नंबर बदलण्यासाठी साताऱ्याचं तिकीट काढतायत.